सुखी देशांची यादी वाचायची कशी? पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

२०२५ च्या जून महिन्यात ठाण्याहून भाचीचा फोन आला. तिला फिनलंडमधल्या एका कंपनीकडून नोकरीचं बोलावणं आलं होतं. घरात आठ दिवस तीच चर्चा चालली होती आणि त्या चर्चेत मार्चमध्ये वाचलेली एक बातमी पुन्हा पुन्हा वर येत होती.

"मावशी, फिनलंड सलग आठव्या वर्षी जगात पहिला. आपण ११८ वे. मग विचार कसला करायचा?"

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. तिला म्हटलं, "अगं, तो नंबर खोटा नाही. पण तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे तुला ठाऊक आहे का? शनिवारी ये नेरूळला. वही घेऊन ये." ती कोलशेतहून स्टेशनला आली, ट्रान्स हार्बरची गाडी पकडली आणि भर पावसात अकराच्या सुमारास घरी पोहोचली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवशी तिला जे दाखवलं, तेच इथे क्रमाने मांडते. गणित दहावीपर्यंतचं पुरेल. फोनमधला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

पायरी पहिली: नंबर हाताने झाका, यादीचं नाव वाचा

बातमीत "राहण्यासाठी सर्वांत उत्तम", "सर्वांत आनंदी", "सर्वांत विकसित" असे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. याद्या मात्र वेगवेगळ्या आहेत. जागतिक आनंद अहवालात फिनलंड पहिला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मानव विकास निर्देशांकात २०२५ च्या अहवालात आइसलंड पहिला. 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट' या संशोधन संस्थेच्या राहण्याजोग्या ठिकाणांच्या यादीत देश नसतातच, शहरं असतात. २०२५ मध्ये व्हिएन्नाला मागे टाकून कोपनहेगन पहिलं आलं. 'हॅपी प्लॅनेट इंडेक्स' म्हणून आणखी एक आहे. तिथे कोस्टा रिका आणि वानुआतूसारखे देश वर असतात, कारण त्या यादीत माणसाचं आयुर्मान आणि समाधान यांना पृथ्वीवर पडणाऱ्या बोज्याने भागतात. श्रीमंत देश तिथे या भागाकारातच मागे पडतात.

म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत चार गोष्टी लिहायच्या: यादी कोणाची, काय विचारलं किंवा मोजलं, आकडे कोणत्या वर्षांचे, आणि यादीत देश किती. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास गाळतात. २०२५ च्या आनंद अहवालातले आकडे २०२२ ते २०२४ या तीन वर्षांची सरासरी आहेत. २०२५ च्या मानव विकास अहवालातले आकडे २०२३ चे आहेत. पहिल्या यादीत १४७ देश, दुसरीत १९३. आपण पहिल्या यादीत ११८ वे आणि दुसरीत १३० वे. या दोन नंबरांची आपसात तुलनाच होत नाही.

पायरी दुसरी: विचारलं की मोजलं?

पेशंट आला की डॉक्टर तापही बघतात आणि "कसं वाटतंय?" असंही विचारतात. याद्यांमध्येही हे दोन प्रकार आहेत. काहींमध्ये माणसाला विचारतात, काहींमध्ये आयुर्मान, शाळेची वर्षं, उत्पन्न, रुग्णालयातल्या खाटा, रस्ते असं बाहेरून मोजतात. काही याद्या दोन्ही मिसळतात. आनंद अहवालाचा क्रम निव्वळ विचारण्यावर लागतो, मानव विकास निर्देशांक निव्वळ मोजण्यावर.

कुठलीही नवी यादी हाती आली की मी सगळ्यात आधी हेच बघते. एवढं कळलं की निम्मा गोंधळ संपतो.

पायरी तिसरी: शिडीवर स्वतः उभे राहा

आनंदाच्या यादीचा क्रम एकाच प्रश्नावर लागतो. तो प्रश्न हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडला आणि आज गॅलप ही संस्था तो जगभर विचारते. साध्या मराठीत तो असा:

एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तळाची पायरी ०, सगळ्यात वरची १०. वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य. तळाची म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत वाईट आयुष्य. सध्या तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात असं तुम्हाला वाटतं?

पुढे वाचू नका. आधी आपला आकडा लिहा. मग घरातल्या निदान तीन माणसांना विचारा, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडू देऊ नका.

भाचीने स्वतःला ६ दिले. तिथूनच आईला फोन लावला, तर ताई म्हणाली ८. भाची चक्रावली, कारण गुडघ्याच्या दुखण्याने ताईला जिना उतरवत नाही. ताईने कारण सांगितलं, "तुझ्या आजीच्या मानाने माझं आयुष्य कुठच्या कुठे आहे." खाली गेटवर आमचे सुरक्षारक्षक आहेत, लातूरकडचे. ते जरा विचार करून म्हणाले, "५ लिहा. पोरगी बारावी झाली की ७ सांगीन." शेजारचे काका मात्र आकडा द्यायलाच तयार होईनात. "चाललंय आपलं बरं" म्हणाले. मी दोनदा विचारल्यावर ७ म्हणाले.

या चार उत्तरांत या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. प्रत्येकाची दहावी पायरी वेगळी आहे. ताई मागच्या पिढीशी ताडून बघते, रक्षक उद्याच्या आशेशी, भाची तिच्या बॅचच्या मुलींशी. तरीही ज्याचं आयुष्य त्यानेच त्याची किंमत ठरवावी, हा या प्रश्नामागचा विचार मला मनापासून पटतो. ताई सुखी आहे की नाही, हे तिच्या गुडघ्याच्या एक्सरेवरून दुसऱ्याने ठरवू नये.

आता प्रश्न पुन्हा वाचा. त्यात "आनंद" हा शब्द कुठेच नाही. आपल्या भाषेत सुख, आनंद आणि समाधान हे तीन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते सहसा चुकवत नाही. पाहुणे आले की आनंद होतो, पंख्याखाली बसलं की सुख वाटतं, मुलांचं मार्गी लागलं की समाधान. शिडीचा प्रश्न समाधानाच्या सगळ्यात जवळचा आहे. इंग्रजी नावावरून बातमीत "आनंदी देश" असं भाषांतर होतं आणि लोक विचारतात, "एवढ्या अंधारात आणि थंडीत राहणारे फिनलंडचे लोक आनंदी कसे?" ते दिवसभर हसत असतात असा या यादीचा दावाच नाही. काल तुम्ही हसलात का, काल चिंता वाटली का, राग आला का, हे गॅलप वेगळं विचारते. हसण्या-खेळण्याच्या त्या उत्तरांमध्ये लॅटिन अमेरिकेतले देश फार वर असतात. बातमीच्या मथळ्यापर्यंत तो तक्ता क्वचितच पोहोचतो.

प्रत्येक देशात दरवर्षी साधारण १००० माणसांना विचारतात, मोठ्या देशांत जास्त. मग तीन वर्षांची सरासरी. "एवढ्या १४० कोटींच्या देशात एवढ्याशा माणसांना विचारून काय कळणार?" असं भाचीने विचारलंच. तिला मी आमटीचं उदाहरण दिलं. मीठ बघायला पातेलं संपवावं लागत नाही, पण पळीने आधी नीट ढवळावं लागतं. नमुना किती मोठा, यापेक्षा तो सगळीकडून उचललाय का, हे महत्त्वाचं.

पायरी चौथी: रंगीत पट्ट्यांनी फसू नका

अहवालातल्या तक्त्यात प्रत्येक देशापुढे रंगीत पट्टी असते. तिचे सहा तुकडे: दरडोई उत्पन्न, अडीनडीला माणूस असणं, निरोगी आयुर्मान, आयुष्यातले निर्णय घ्यायचं स्वातंत्र्य, दातृत्व आणि भ्रष्टाचाराबद्दलची भावना. नवख्या वाचकाला वाटतं की या सहांची बेरीज म्हणजे देशाचे गुण. शिकल्या-सवरल्या लेखांतही ही चूक मी पुन्हा पुन्हा वाचली आहे.

खरं उलट आहे. गुण शिडीवरून आधीच ठरलेले असतात. देशादेशांत एवढा फरक का, याचा अंदाज बांधायला हे सहा घटक नंतर लावून बघतात. त्यातून जे उलगडत नाही, ते शिल्लक म्हणून पट्टीच्या शेवटी दाखवतात. म्हणजे एखाद्या देशाने उत्पन्न वाढवलं तर तक्त्यात त्याचे गुण आपोआप वाढणार नाहीत. लोकांनी शिडीवर वरची पायरी सांगितली, तरच वाढतील.

या सहांपैकी अडीनडीचा प्रश्न बघा. "अडचणीत आलात, तर केव्हाही मदतीला येतील असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का?" उत्तर फक्त हो किंवा नाही. मला तो सगळ्या अहवालातला सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो. २०२५ च्या अहवालात हरवलेल्या पाकिटावरही लिहिलंय: पैशांचं पाकीट हरवलं, तर ते परत मिळेल असं तुम्हाला वाटतं का? निष्कर्ष असा की लोकांना वाटतं त्याच्या साधारण दुपटीने पाकिटं प्रत्यक्षात परत येतात. आपल्या शेजाऱ्याबद्दल आपला अंदाज त्याच्या वागण्यापेक्षा वाईट असतो. भाचीचा डबा एकदा वाशी लोकलमध्ये राहिला होता आणि तो कोणीतरी स्टेशनमास्तरांकडे आणून दिला होता. हे ती विसरूनच गेली होती.

पायरी पाचवी: मानव विकास निर्देशांक एकदा हाताने काढा

ही पायरी वगळू नका. वीस मिनिटं लागतात, आणि त्यानंतर "निर्देशांक" या शब्दाची भीती कायमची जाते.

हा निर्देशांक १९९० मध्ये पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी सुरू केला आणि त्यात अमर्त्य सेन यांची मोठी मदत होती. देशाची प्रगती निव्वळ उत्पन्नावर मोजू नये, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी तीन गोष्टी घेतल्या: आयुष्य, शिक्षण, उत्पन्न. प्रत्येकीसाठी एक खालची आणि एक वरची रेषा ठरलेली आहे. आपला देश त्या दोन रेषांमध्ये कुठे आहे, ते काढायचं.

भारताचे २०२३ चे आकडे घेऊ. आयुर्मान ७२ वर्षं. रेषा २० आणि ८५. म्हणून ७२ वजा २०, म्हणजे ५२. त्याला ६५ ने भागा. उत्तर ०.८००.

शिक्षणाचे दोन भाग आहेत, आणि दोन्हींची खालची रेषा ०. आज शाळेत जाऊ लागलेलं मूल किती वर्षं शिकेल अशी अपेक्षा: १३ वर्षं, वरची रेषा १८. भागाकार ०.७२२. आणि पंचविशीच्या पुढची माणसं प्रत्यक्षात सरासरी किती वर्षं शिकली आहेत: ६.९ वर्षं, वरची रेषा १५. भागाकार ०.४६०. दोन्हींची सरासरी ०.५९१. इथे क्षणभर थांबा. १३ आणि ६.९ यांच्यामधली दरी म्हणजे दोन पिढ्यांमधलं अंतर आहे. आमच्या घरी धुणीभांड्याला येणाऱ्या मावशी चौथीत शाळेतून काढलेल्या, त्यांची नात नेरूळच्या कॉलेजात अकरावीत. संपूर्ण देशाची तीच गोष्ट या दोन आकड्यांत आहे.

तिसरी गोष्ट उत्पन्न. देशादेशांतल्या किमतींचा फरक काढून टाकून डॉलरमध्ये मोजलेलं भारताचं दरडोई उत्पन्न वर्षाला ९,०४७. रेषा १०० आणि ७५,०००. इथे सरळ वजाबाकी न करता लॉग (कॅल्क्युलेटरवरचं log हे बटण) घेतात. कारण सोपं आहे: महिना दहा हजार मिळवणाऱ्याला पाच हजार वाढले तर घर बदलतं, दहा लाख मिळवणाऱ्याला पाच हजार वाढले तर त्याला कळतही नाही. लॉग घेतल्यावर हा फरक हिशेबात येतो. कॅल्क्युलेटरवर ९,०४७ भागिले १०० याचा लॉग काढा, ७५,००० भागिले १०० याचा काढा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.६८१.

आता ०.८००, ०.५९१ आणि ०.६८१ यांचा गुणाकार करा आणि त्याचं घनमूळ काढा. फोन आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये घनमूळाचं बटण येतं. उत्तर ०.६८५ आलं पाहिजे. अहवालात भारतापुढे हाच आकडा छापला आहे. भाचीचा आकडा जुळला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठीच मी तीस वर्षं खडू हातात धरला.

बेरीज करून तीनने का भागलं नाही, असं विचाराल. २०१० पर्यंत तसंच करत असत. त्या पद्धतीत एक बाजू फार लंगडी असली तरी दुसरी तिला सावरून नेते. गुणाकारात तसं होत नाही. शिक्षण मागे राहिलं, तर उत्पन्नाने ते झाकता येत नाही. साधी सरासरी काढून बघा: ०.६९१ येते. तो आणि छापलेला आकडा यांतला फरक आपल्या शिक्षणाच्या लंगडेपणाचा आहे.

पायरी सहावी: नंबर सोडा, गुण बघा

२०२१ च्या आनंद अहवालात भारत १४९ देशांत १३९ वा होता. २०२२ मध्ये १४६ देशांत १३६ वा. तीन पायऱ्या वर आलो, असं वाटतं. पण गुण? २०२१ मध्ये ३.८१९, २०२२ मध्ये ३.७७७. गुण घसरले होते. यादीतले तीन देश कमी झाले आणि आपण दोन्ही वर्षी शेवटून तितक्याच अंतरावर राहिलो. उलट २०२४ ते २०२५ मध्ये १२६ वरून ११८ वर आलो, तेव्हा यादी १४३ वरून १४७ वर गेली होती आणि गुण ४.०५४ वरून ४.३८९ झाले होते. ही वाढ खरी मानायला हरकत नाही.

दुसरी सवय म्हणजे शेजारच्या दोन नंबरांमधलं अंतर बघणं. २०२५ मध्ये फिनलंड ७.७३६. दुसरा डेन्मार्क ७.५२१, तिसरा आइसलंड ७.५१५. दुसऱ्या-तिसऱ्यात फरक ०.००६ चा. तीन वर्षांची मिळून तीन हजार उत्तरं आणि त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरं सरासरीच्या आजूबाजूला किती पसरली आहेत त्याचं माप, दोन पायऱ्यांच्या आसपास धरलं, तर सरासरी दोन्ही बाजूंना साधारण ०.०७ ने हलू शकते. म्हणजे हजार वेगळी माणसं भेटली असती, तर आइसलंड दुसरा आणि डेन्मार्क तिसरा होऊ शकला असता. एक दशांशापेक्षा कमी फरक असलेल्या देशांना मी वहीत एकाच ओळीत लिहिते. तुम्हीही लिहा.

पायरी सातवी: वजनं कोणी ठरवली, आणि कोणासाठी?

इथे आपल्या अंगणातलं उदाहरण आहे, म्हणून जरा सविस्तर.

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने २०१८ मध्ये १११ शहरांचा 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांक काढला. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी, ठाणे सहावं. आमच्याकडे तेव्हा चौकाचौकात फलक लागले होते. पुढची यादी मार्च २०२१ मध्ये आली. दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं, पुणे दुसरं, नवी मुंबई सहावी. अडीच-तीन वर्षांत आमचे रस्ते, पाणी आणि बागा चार नंबरांनी बिघडल्या का? मोजमाप बदललं होतं. मोठी आणि लहान शहरं वेगळी केली, निर्देशक ७८ वरून ४९ वर आणले, आणि मुख्य म्हणजे नागरिकांना काय वाटतं याच्या पाहणीला ३० टक्के वजन दिलं. विचारलेलं आणि मोजलेलं यांचं मिश्रणच बदललं. मला स्वतःला हा बदल चांगला वाटतो. पण दोन याद्यांतले नंबर शेजारी ठेवून "घसरण" म्हणणं चूक आहे.

परदेशी शहरांच्या याद्यांना आणखी एक प्रश्न विचारायचा: ही कोणासाठी काढली? मर्सर ही सल्लागार कंपनी न्यूयॉर्कला १०० धरून शहरांची तुलना करते. तिचा मुख्य उपयोग असा की कंपनीने माणूस परदेशी पाठवला तर त्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा, हे ठरवता यावं. 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट'ची यादीही त्याच कामाला वापरतात. तिच्यात स्थैर्य २५ टक्के, आरोग्यसेवा २०, संस्कृती आणि पर्यावरण २५, शिक्षण १०, पायाभूत सोयी २०. ज्या घरात शाळेत जाणारी दोन मुलं आहेत, तिथे शिक्षणाला १० टक्के देतील का? आमच्या सोसायटीत तर अर्धी वजनं पाणी आणि शाळा यांनाच जातील.

'नंबियो' संकेतस्थळावर तर वाचक स्वतःच आकडे भरतात. घरभाड्याचा अंदाज घ्यायला ते उपयोगी आहे. देशांचा क्रम लावायला मी ते वापरणार नाही, कारण तिथे येणारी माणसं कोणीतरी सगळीकडून निवडलेली नसतात.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २०११ मध्ये यावर प्रामाणिक तोडगा काढला. घर, उत्पन्न, नोकरी, माणसांचा आधार, शिक्षण, पर्यावरण, नागरिक म्हणून सहभाग, आरोग्य, जीवनाबद्दलचं समाधान, सुरक्षितता, काम आणि घर यांचा तोल, असे अकरा विषय ठेवले आणि त्यांची वजनं वाचकालाच ठरवू दिली. वजनं बदलली की देशांचा क्रम बदलतो. भारत त्या संघटनेत नाही, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. भाचीने हे अकरा विषय वहीत उतरवून घेतले. ते पुढे कामी आले.

पायरी आठवी: सरासरीच्या आत डोकवा

महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात ठाणे जिल्हा मुंबई आणि पुण्याच्या जोडीने वरच्या गटात होता. तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता; तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे त्या एका आकड्यात घोडबंदर रोडचे टॉवर होते आणि जव्हार-मोखाड्याचे पाडेही होते. कुपोषणाने मुलं गेल्याच्या बातम्या ज्या भागातून येत होत्या, तो भाग कागदावर राज्यातल्या सर्वांत विकसित जिल्ह्यांपैकी एकात होता. माझ्या वर्गात मुलं सरासरी पटकन काढायची. तिच्या आत काय दबलंय हे शिकवायला मला नेहमी हेच उदाहरण लागायचं.

देशांचंही तसंच. २०२४ च्या आनंद अहवालात अमेरिका एकूण २३ वी होती. तिशीच्या आतल्या लोकांचीच उत्तरं घेतली तर ६२ वी, साठीच्या पुढच्यांची घेतली तर १० वी. तिथे शिकायला जाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी यातला कोणता आकडा बघायचा, हे सांगायला नको.

मानव विकास अहवालात विषमतेचा हिशेब घालून काढलेला वेगळा निर्देशांक असतो. तो जरूर उघडा. विषमतेमुळे भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी खाली येतो. आपण मघाशी हाताने काढलेला ०.६८५ तिथे ०.४७५ होतो.

शेवटी: स्वतःच्या निर्णयासाठी यादी वापरायची असेल तर

आधी आपला प्रश्न नीट लिहा. भाचीचा प्रश्न "फिनलंड किती सुखी?" हा नव्हताच. "बाहेरून तिथे गेलेली मराठी मुलगी कशी राहील?" हा होता. त्या प्रश्नाच्या जवळ जाणारं काही आहे का, ते शोधायचं. २०१८ च्या आनंद अहवालाचा विषय स्थलांतर होता. त्यात ११७ देशांत परदेशात जन्मलेल्या रहिवाशांचाही क्रम लावला होता आणि त्यातही फिनलंड पहिलाच होता. बाहेरून आलेल्या माणसाचं समाधान तो ज्या देशात राहतो, तिथल्या लोकांच्या पातळीकडे सरकतं, असं त्यात दिसलं. पण त्या गटात शेजारच्या देशांतून येऊन वर्षानुवर्षं राहिलेले लोक जास्त असणार, हे मी तिला सांगितलं. भाषा येत नसताना, एकटीने, पहिल्या हिवाळ्यात काय होतं, हे त्या आकड्यात नाही.

मग ओईसीडीचे अकरा विषय काढले. तिने प्रत्येकाला स्वतःचं वजन दिलं. काम आणि घर यांचा तोल ९, कारण ती रोज साडेतीन तास प्रवासात असते. सुरक्षितता ९. उत्पन्न ६. माणसांच्या आधाराला तिने आधी ५ लिहिले, खोडले, ८ लिहिले. त्यानंतर प्रत्येक विषयापुढे दोन रकाने: इथे आणि तिथे, दहापैकी गुण. ज्या चौकटीत भरायला काहीच माहिती नव्हती, ती तशीच मोकळी ठेवायला लावली. अंदाजाने भरलेली चौकट पुढे खरी वाटू लागते. सगळ्यात जास्त मोकळ्या चौकटी "माणसांचा आधार" या ओळीत राहिल्या.

रविवारी तिने कंपनीला पत्र पाठवलं. फिनिश भाषेचे वर्ग मिळतील का, पहिले सहा महिने राहायची सोय कोण बघणार, आणि तिथे काम करणाऱ्या एखाद-दुसऱ्या भारतीय मुलीशी बोलता येईल का, एवढंच विचारलं. दहा दिवसांनी दोघींशी बोलणं झालं. तिने दोघींना पहिला प्रश्न शिडीचाच विचारला. एक म्हणाली ७. दुसरी जरा थांबली आणि म्हणाली, जूनमध्ये विचारतेयस म्हणून ८, जानेवारीत फोन केला असतास तर ५ सांगितले असते.

भाचीने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि त्यांच्यापुढे महिना लिहिला.